घार आणि गिधाड

फ्रॉइडने १९१० साली लिओनार्दो दा विंचीच्या बालपणावर एक छोटं पुस्तक लिहिलं. लिओनार्दोच्या टिपणांत एक आठवण आहे: तो पाळण्यात असताना एक पक्षी आला, शेपटीने त्याचं तोंड उघडलं आणि ओठांच्या आत शेपटीचे फटके मारले. फ्रॉइडने त्या पक्ष्यावरून इजिप्तची गिधाडमुखी मातृदेवता गाठली, तिच्यावरून लिओनार्दोची आई आणि आईवरून त्याची लैंगिकता. पण मूळ इटालियन शब्द आहे ‘निब्बिओ’, म्हणजे घार. तिचं गिधाड जर्मन अनुवादात झालं होतं.

आम्हा अनुवादकांना हा किस्सा सांगायला फार आवडतो. मला मात्र त्यातली दुसरीच गोष्ट खटकते. आक्षेप घ्यायला लिओनार्दो हयात नव्हता.

आता असलं विश्लेषण घरोघर चालतं, तेही समोर बसलेल्या माणसाचं. पूर्वी आपण तिरसट, चक्रम, आतल्या गाठीचा म्हणायचो. हे शब्द काही मायेचे नव्हते. पण ‘तिरसट’ म्हणणाऱ्याशी भांडता येतं, कारण ते त्याचं मत आहे हे दोघांनाही ठाऊक असतं. ‘बायपोलर’ किंवा ‘नार्सिसिस्ट’ म्हटलं की बोलणाऱ्याच्या मागे दवाखान्याची पाटी लागते.

माझ्या नात्यातली एक सून सासरी ‘बॉर्डरलाइन’ ठरली आहे. निदान नणंदेचं, मोबाइलवर वाचून केलेलं. ती रडली की लक्षण, गप्प बसली की लक्षण, आणि ‘मला काही झालेलं नाही’ म्हणाली की सगळ्यांत मोठं लक्षण. वाद सुरू झाला होता तो तिचा पगार कुणाच्या हाती जावा यावरून. ते आता कुणी काढत नाही.

दुसऱ्याच्या मनाचा अंदाज बांधूच नये, असं मी म्हणणार नाही. त्यावाचून ना संसार चालेल, ना कादंबरी वाचता येईल. घरात जे सोसतोय त्याला नाव मिळाल्यावरच तो छळ आहे हे उमगलेल्या बायकाही मी पाहिल्या आहेत. पण अंदाज ज्याच्याविषयी बांधला त्याला विचारून तो बदलायची तयारी हवी. मूळ मजकुरात ‘ती उठून आत गेली’ एवढंच असेल, तर मी अनुवादात ‘रागाने’ घालत नाही. फार वाटलं तर लेखिकेला फोन करते.

आणि त्या सुनेला खरोखरच आजार आहे असं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे न्यायला हवं. तीन वर्षं झाली, ते घरात कुणीही सुचवलेलं नाही.