चांगल्या वस्तीचा खर्च

वऱ्हाडातल्या माणसाच्या हाती निवृत्तीचा पैसा आला, की तो प्लॉट पाहायला निघतो. दर्यापूरचे मास्तर, मूर्तिजापूरचे एसटी वाहक, चांदूर रेल्वेचे पोस्टातले बाबू, सगळ्यांच्या मनात अमरावती असते. कॅम्प आणि रुक्मिणीनगरचे भाव ऐकून ते गप्प होतात, साईनगरपाशी थोडे रेंगाळतात आणि मग बडनेऱ्याच्या रस्त्याला लागतात. सोबत मेहुणा नाहीतर जावई असतो. ले-आउटच्या फलकाखाली चहा होतो आणि हळूच विचारलं जातं, "बडनेऱ्यात घ्यावं का जी?"

बडनेऱ्याची बाजू तशी भक्कम आहे. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाइन १८६७ साली नागपूरला पोचली, ती बडनेऱ्यावरून. कापसाची एवढी मोठी पेठ असलेली अमरावती मात्र बाजूला राहिली. तिला जोडायला १८७१ च्या सुमारास बडनेऱ्याहून सुमारे १० किलोमीटरचा फाटा टाकावा लागला. आजही हावड्याकडच्या किंवा मुंबईकडच्या बहुतेक गाड्या पकडायच्या, तर अमरावतीकरालाच रात्री-अपरात्री ऑटो करून बडनेऱ्याला यावं लागतं. इंजिनिअरिंग कॉलेज इथे आहे. बेलोऱ्याचं विमानतळ जवळ आहे आणि एप्रिल २०२५ पासून तिथून मुंबईचं विमान उडू लागलं आहे. १५ ऑगस्ट १९८३ ला अमरावती महानगरपालिका झाली, तेव्हा बडनेऱ्याची नगरपालिका तिच्यात विलीन झाली. म्हणजे कर एकाच तिजोरीत जातो. तरी लग्नाच्या बोलणीत "मुलगा अमरावतीचा आहे" असं म्हटलं, की समोरून विचारणा होतेच, "अमरावतीचा, की बडनेऱ्याचा?"

गंमत अशी, की ज्या बडनेऱ्याला अमरावती थोडं खाली लेखते, त्या बडनेऱ्यातही रुळांच्या एका अंगाला जुनी वस्ती आहे आणि दुसऱ्या अंगाला नवी. नव्या वस्तीतला माणूस जुन्या वस्तीबद्दल बोलताना आवाज किती बदलतो, ते एकदा कान देऊन ऐकावं. प्रत्येक उपनगराला स्वतःचं एक उपनगर असतं. आपल्या पलीकडे कुणीतरी आहे, या समाधानावर पुष्कळ माणसं सुखानं झोपतात.

प्लॉट घेणाऱ्यानं काय काय पाहावं, हे वऱ्हाडात कुणी शिकवावं लागत नाही. आधी माती. इथली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात हात जाईल एवढी भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नाही, तर दोन-चार उन्हाळ्यांत भिंत तडकते आणि दरवाजे चौकटीत अडकू लागतात. मग कागद. सातबारा कुणाच्या नावे आहे, जमीन अकृषक झाली आहे का, ले-आउटचा नकाशा मंजूर आहे, की शेताचे गुंठे पाडून विकलेत? अशी गुंठेवारी नियमात बसवायला २००१ साली कायदा करावा लागला, यावरूनच तिचा पसारा कळावा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा ले-आउट असेल, तर महारेराची नोंदणी मागावी. मग पाणी. जीवन प्राधिकरणाची लाइन गल्लीपर्यंत आली आहे, की नुसती 'येणार' आहे? नळ किती दिवसांआड येतो? मे महिन्यात शेजारी टँकर बोलावतात का? शाळा किती लांब, दवाखाना किती लांब, रात्री साडेअकराला गाडीतून उतरलेली मुलगी घरापर्यंत कशी येईल? हे सगळं विचारलंच पाहिजे. जन्मभराची पुंजी लावणाऱ्या माणसानं चिकित्सा केली, तर त्याला कुणी संशयी म्हणू नये.

ही यादी संपली, की एक शेवटचा प्रश्न येतो. तो नकाशा गुंडाळून झाल्यावर, जरा खालच्या आवाजात विचारला जातो. "तिथचे लोकं कसे आहेत जी?"

विचारणाऱ्याला काय हवं आहे, ते सांगणाऱ्याला नेमकं कळतं. शेजारी भांडखोर आहेत का, चोऱ्या होतात का, एवढंच हवं असतं तर ते सरळ, मोठ्या आवाजात विचारता आलं असतं. या प्रश्नाचं उत्तर आडनावांत दिलं जातं. "सगळे आपलेच आहेत" एवढं कानावर पडलं, की इसाऱ्याचे पैसे निघतात. 'आपले'मध्ये कोण येतं आणि कोण येत नाही, याची फोड कुणी करत नाही. ती कागदावर कुठेही नसते, म्हणून तिच्याविरुद्ध कुठे अर्जही करता येत नाही.

चांगली वस्ती म्हणजे जिथे त्रास कमी, ही व्याख्या मला मान्य आहे. माझी हरकत एवढीच आहे, की तो त्रास नाहीसा झालेला नसतो, तो कुठेतरी नेऊन ठेवलेला असतो. वस्ती जितकी चांगली, तितकी तिचा खर्च कुणाच्या नावावर पडला, हे विचारण्याची गरज जास्त.

नळाचंच घ्या. अमरावती-बडनेऱ्याला पाणी येतं ते मोर्शी तालुक्यातल्या सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून. त्या धरणासाठी ज्यांची शेतं आणि गावं गेली, त्यांच्या मोबदल्याचा आणि पुनर्वसनाचा वाद पुढे वर्षानुवर्षं चालला. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी मुंबईत मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या, तेव्हा कुठे ती बातमी राज्यभर झाली. दलाल "पाण्याची सोय चांगली" म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नाही. फक्त ती सोय कुणी करून दिली, ते त्यालाही ठाऊक नसतं आणि आपणही विचारत नाही.

कचऱ्याचं घ्या. सकाळी घंटागाडी आली, डबा रिकामा झाला, गल्ली स्वच्छ झाली. तो कचरा वर्षानुवर्षं सुकळीच्या कंपोस्ट डेपोत जाऊन साचत आला. तिथला वास, माश्या आणि उन्हाळ्यातला धूर ज्यांच्या अंगणात जातो, त्यांनीही कधीतरी घर बांधताना चांगली जागा पाहिलीच असेल.

आणि माणसांचं घ्या. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली विदर्भ महारोगी सेवा मंडळ स्थापन केलं आणि कुष्ठरुग्णांसाठी अमरावतीबाहेरच्या माळावर तपोवन उभं केलं. बाहेर का, याचं उत्तर सगळ्यांना माहीत होतं. गावाला ती माणसं शेजारी नको होती. त्या माणसांनी माळावर शेती केली, माग चालवले, सुतारकाम केलं, झाडं लावली. १९८३ साली अमरावतीचं विद्यापीठ झालं आणि शहर तपोवनाच्याच दिशेनं वाढत गेलं. आज तपोवनाच्या आजूबाजूला घरं आहेत आणि ती घेणारे "हवा मोकळी, झाडी छान" असं कौतुकानं सांगतात. ज्यांना शहरानं हद्दीबाहेर काढलं, त्यांनीच शहरासाठी राहण्याजोगी जागा करून ठेवली.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मी एक साधा माणूस, माझ्या एका प्लॉटनं काय होतं? याला एक विचार करायला लावणारं उत्तर आहे. थॉमस शेलिंग नावाच्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं चौकटी आखलेल्या कागदावर दोन प्रकारची नाणी मांडून एक खेळ केला. नियम साधा होता. प्रत्येक नाण्याला शेजाऱ्यांपैकी निदान एक तृतीयांश आपल्यासारखे हवेत. तेवढे नसतील, तर त्यानं उठून दुसरीकडे जावं. कुणाला कुणाचा द्वेष नाही, कुणी कुणाला हाकलत नाही. तरी काही खेळ्यांत सारख्या नाण्यांचे वेगवेगळे पुंजके पडत, इकडे ही नाणी, तिकडे ती. १९७१ साली त्यानं यावर निबंध लिहिला. पुढे २००५ मध्ये शेलिंगला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. "आपले थोडे लोक असले म्हणजे बरं" ही निरुपद्रवी वाटणारी इच्छा हजार घरांनी धरली, तर शहर दुभंगतं, आणि दोष कुणा एकाच्या अंगाला चिकटत नाही.

इथे एक भेद केला पाहिजे. मोहल्ल्यात किंवा भीमनगरात घर घेणारा माणूसही आपल्या माणसांतच घर घेतो. पण पुष्कळदा तो दुसरीकडून नकार घेऊन आलेला असतो, किंवा वाईट दिवस आला तर धावून येणारं कुणी असावं, या काळजीनं आलेला असतो. त्याच्या निवडीला आणि गेटवर आडनाव विचारणाऱ्याच्या निवडीला एकाच मापानं मोजणं अन्याय आहे. एक जण आसरा शोधतो, दुसरा दार लावतो. 'सगळेच आपापल्या लोकांत राहतात' हे वाक्य दार लावणाऱ्याला फार सोयीचं पडतं.

आत कुणी यावं हा वाद अमरावतीला नवा नाही. अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ साली इथे सत्याग्रहाची चळवळ उभी राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाबासाहेब आंबेडकर अमरावतीच्या परिषदेत अध्यक्ष म्हणून आले. पंजाबराव देशमुख या चळवळीत होते आणि पुढे जिल्हा कौन्सिलची सूत्रं हाती आल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी सगळ्यांना खुल्या केल्या. देऊळ आणि विहीर सार्वजनिक होती, म्हणून तिथे कायदा पोचू शकला, सत्याग्रह होऊ शकला. ले-आउटमधला प्लॉट मात्र खासगी असतो. "आम्हाला विकायचाच नाही" असं म्हटलं, की बोलणं खुंटतं. जो प्रश्न त्या पिढीनं चव्हाट्यावर मांडला, तो आपण सौद्याच्या खोलीत नेला आणि दार लावून घेतलं.

अमरावतीत गाडगेनगर आहे. तिथे गाडगेबाबांची समाधी आहे. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ पेढी नदीपाशी बाबा गेले. या माणसानं पंढरपूर, नाशिक, मुंबई इथे धर्मशाळा बांधल्या. पंढरपुरातली एक तर चोखामेळ्याच्या नावानं, ज्यांना बाकीच्या दारांवर उभं केलं जात नव्हतं त्यांच्यासाठी. स्वतःसाठी त्यांनी घर बांधलं नाही. आज त्यांच्या नावाच्या नगरात घर मिळणं ही ऐपतीची गोष्ट झाली आहे. यात राहणाऱ्यांचा काही अपराध नाही. पण ज्यांच्या नावाची पाटी आपल्या पत्त्यात आहे, त्यांनी वस्तीत शिरताना काय केलं असतं, हा विचार मनात यायला हवा. बाबा गावात आले, की आधी झाडू हाती घेत. 'गाव कसं आहे' हे विचारण्याच्या आधी ते गाव झाडायला लागत.

आपल्याला तेवढं जमणार नाही. सगळ्यांनी संत व्हावं, असं म्हणणारा स्तंभ कुणी वाचूही नये. निवृत्त मास्तरांनी माती पाहावी, सातबारा पाहावा, नळ पाहावा आणि जुळलं तर बडनेऱ्यात खुशाल घर बांधावं. पण राहायला आल्यावर काही गोष्टी आपल्या हातातल्या असतात. ओला-सुका कचरा वेगळा ठेवला, तर सुकळीला जाणारं ओझं तेवढं हलकं होतं. ले-आउटमध्ये सोडलेली मोकळी जागा सगळ्यांची असते. तिला कुंपण घालून कुलूप लावण्याचा ठराव आला, तर 'किल्ली कुणाकडे' असं बैठकीत उभं राहून विचारता येतं. धरणग्रस्तांचा मोर्चा आला, तर 'आज रस्ता जाम आहे' यापलीकडे चार शब्द बोलता येतात, कारण ती आपल्या नळाची गोष्ट आहे. आणि "तिथचे लोकं कसे आहेत?" असं उद्या कुणी आपल्याला विचारलं, तर आडनावं न मोजता उत्तर देता येतं: नळ गेला की एकमेकांकडे पाणी मागतात, आजारी पडलं की ऑटो बोलावतात, गणपतीच्या वर्गणीवरून भांडतात. लोक असेच असतात.

सगळ्यात सोपी परीक्षा मात्र घर बांधून झाल्यावर येते. मुलं पुण्याला गेलेली असतात, वरचा मजला रिकामा असतो आणि भाड्याची खोली विचारत रेल्वेतला, कॉलेजातला कुणी नवखा तरुण फाटकाशी येतो. घरातून विचारणा होते, "कोन हाय?" अशा वेळी मास्तरांनी एवढंच करावं, आधी भाडं सांगावं. आडनाव काय ते करारनामा लिहिताना कळेलच.