आवड हाती घेताना

निवांत बसा. पाठ टेकली तरी चालेल. हात मांडीवर सैल सोडा, श्वास जसा येतोय तसा येऊ द्या. आज मनन करायचंय ते एका गर्दीचं, आणि त्या गर्दीत माणसं एकमेकांपुढे काय ठेवतात याचं.

डोळ्यांपुढे वर्ल्डकॉन आणा. विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या चाहत्यांचं हे जागतिक संमेलन. २०१७ साली ते हेलसिंकीत भरलं, २०१९ साली डब्लिनला, २०२४ साली ग्लासगोला. लांबलचक दालन आहे. माणसं येताहेत, जाताहेत. तुम्हाला कुठेही पोहोचायचं नाही.

समोरून चिलखत घातलेली एक मुलगी येतेय. लांबून ते लोखंडाचं वाटतं. तिला विचारा, "जवळून बघू का?" आधी विचारायचं, ही इथली रीत आहे, फोटो काढतानाही तीच. ती थांबली की सावकाश पाहा. लोखंड नाहीच, फोम आहे. मापानं कापलेला, गरम हवेनं वाकवलेला, सांध्यासांध्याला चिकटवलेला. खांद्यावर ओरखडे आहेत. खाचांत काळा रंग भरून तो अर्धवट पुसून घेतलाय, म्हणून चिलखत वापरून जुनं झाल्यासारखं दिसतं. हे ओरखडे कुठल्या लढाईत पडलेले नाहीत. तिनं एकेक करून ते काढलेत.

नजर एका ओरखड्यावर ठेवा. एखाद्या कथेवर जीव जडतो आणि तिच्यासाठी इतकं बारीक काम करावंसं वाटतं. हे वाटणं कुठून येतं? उत्तर शोधू नका. प्रश्न जवळ असू द्या.

आता मागे चला, १९३९ च्या जुलै महिन्यात. न्यूयॉर्कला पहिलं वर्ल्डकॉन भरलंय. साधारण दोनशे माणसं जमलीत, आणि त्यांत वेश करून आलेले दोघंच: फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस. भविष्यकाळातल्या माणसांचे हे पोशाख, दोन्ही मर्टलनं शिवलेले. चाहत्यांमध्ये तिचं नाव मोरोजो. तिच्या आद्याक्षरांना एस्पेरांतो भाषेत म्हणतात तसं. देशोदेशीच्या माणसांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून घडवलेली ही भाषा, आणि दोघांनाही तिचा ध्यास. पुढच्याच वर्षी शिकागोच्या संमेलनात वेशभूषेचा कार्यक्रम झाला. परंपरा सुरू झाली.

त्या पहिल्या दिवशीच्या दारात स्वतःला उभं करा. अंगावर आपल्या हातानं शिवलेला वेश, आत सगळे साध्या कपड्यांत. पाऊल टाकण्याआधी छातीत काय होतंय? तिथे थोडा वेळ थांबा.

संध्याकाळ होऊ द्या. पुढचं एखादं संमेलन कुठे भरवायचं ते सभासद मतानं ठरवतात, म्हणून इच्छुक शहरांची मंडळी पार्ट्या देतात आणि आपल्याकडचा खाऊ मांडतात. समजा, एका टेबलावर फिनलंडची सल्मियाक्की आहे: काळी, शंकरपाळ्याच्या आकाराची गोळी. आत काय आहे ते विचारा. ज्येष्ठमध आणि नवसागर. हो, कल्हईवाला तापलेल्या भांड्यात टाकायचा आणि पांढरा धूर उठायचा, तोच नवसागर.

गोळी जिभेवर ठेवा. आधी खारट लागेल, मग नाकात झिणझिण्या येतील. चेहरा आक्रसला तरी हरकत नाही. फक्त "आवडली" आणि "नाही आवडली", हे दोन्ही शब्द जरा थोपवून धरा. गोळी विरघळू द्या. खारटपणाच्या खालून ज्येष्ठमधाचा गोडवा हळूहळू वर येतो. लगेच थुंकून टाकली असती, तर तो भेटलाच नसता. आता देणाऱ्याकडे पाहा. त्याच्या लहानपणीची ही चव आहे. ती त्यानं तुमच्या तळहातावर ठेवली.

आता पाळी तुमची. पिशवीत लोणावळ्याची चिक्की आहे. पुढे करण्याआधी सांगा, "यात शेंगदाणे आहेत." कुणाकुणाच्या ते जिवावर बेतू शकतं. असं बजावणं हाही जिव्हाळाच. चिलखतवाल्या मुलीला चिक्की हवी आहे, पण जाड हातमोज्यांतून कागद सुटत नाही. तुम्ही तो सोडा, तुकडा मोडा, तिच्या हातावर ठेवा.

आता वेश आणि खाऊ मनात शेजारी शेजारी ठेवा. दोन्हींत एकच मागणं आहे: "माझा यावर जीव आहे, जरा बघशील?" तिच्या चिलखताची कथा तुम्ही वाचलेली नाही. ती गोळी तुम्ही पुन्हा खाणारही नाही कदाचित. तरी मागणं पुरं झालं, कारण तुम्ही थांबलात. आवडीनिवडी जुळल्या नाहीत म्हणून काही बिघडत नाही. समोरच्याच्या आवडीला वेळ द्यावा लागतो, एवढंच.

एक दीर्घ श्वास घ्या. कुणी हसेल म्हणून मनात दडवून ठेवलेली आपली एक आवड आठवा, आणि ती कुणाला सांगायची ते ठरवा. मग घरातलं असं माणूस आठवा, जे हौसेनं काही दाखवत होतं आणि आपण "बरं, बरं" म्हणत उठून गेलो. आज त्याला म्हणा, "ते पुन्हा दाखव ना." आणि ते सांगू लागलं, की त्याचं सांगून होईपर्यंत बसा.