माणसाला बोली लावावी का?

आयपीएलचा लिलाव टीव्हीवर लागला की आमच्या पारावर दरवर्षी एकच वाद होतो. म्हातारी माणसं म्हणतात, "बैलबाजार भरवलाय निस्ता. माणसाला कुटं बोली लावत्यात का?" पोरांना त्याचं काही वाटत नाही. कोण किती कोटीला गेला हे त्यांना पाढ्यासारखं पाठ असतं. वयानं मी म्हाताऱ्यांतलाच आहे, पण या बाबतीत माझं त्यांच्याशी जुळत नाही. का जुळत नाही ते सांगतो.

आमच्या लातूर जिल्ह्यात हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार नावाजलेला आहे. जुन्या काळी जनावराचा सौदा रुमालाखाली व्हायचा. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात उपरण्याखाली. बोटं दाबून आकडा सांगायचा, मान हलवून नाही म्हणायचं. बैल बाजूला उभा. दात बघायला तोंड फाकवलं की फाकवायचं, चाल बघायला पळवलं की पळायचं. त्याला कोणी विचारत नाही.

क्रिकेटच्या लिलावात तसं नाही. खेळाडू आपलं नाव स्वतः देतो. मंडळानं जे टप्पे आखून दिलेत त्यातून आपली कमीत कमी किंमत तोच सांगतो, आणि बोली त्याच्या खाली जात नाही. कोणत्या संघात जायचं हे मात्र त्याच्या हातात नसतं, तेवढं म्हाताऱ्यांचं खरं. पण मिळालेला पैसा त्याच्या घरी जातो. 2008 साली पहिल्या लिलावात धोनीला चेन्नईनं 6 कोटींना घेतलं. 2024 च्या नोव्हेंबरात जेद्दाहला ऋषभ पंतची बोली 27 कोटींवर गेली. बैलाच्या मालकाला पैसे मिळतात, बैलाला पेंड. इथं मालक आणि बैल एकच आहे म्हणा ना.

त्याच नोव्हेंबरात आमचं सोयाबीन आडतीवर होतं. सरकारचा हमीभाव 4892 रुपये क्विंटल, आणि बाजारातला भाव त्याच्या कितीतरी खाली. आम्हालाही कमीत कमी किंमत ठरवून दिलेली असते, पण बोली तिच्या खालूनच सुरू होते. माल परत न्यावा तर गाडीभाडं अंगावर. शेवटी हमाली-तोलाई कापून पट्टी हातात पडते ती घ्यायची. म्हणून कोणी "माणसाचा लिलाव म्हणजे अपमान" म्हणालं की मी म्हणतो, बोलीत अपमान नसतो बाबा. ज्याला नाही म्हणायची सोय ठेवलेली नाही, त्याचा अपमान होतो.

या लीगनं गरिबाच्या पोरांना दार उघडलं, हेही कबूल केलं पाहिजे. हैदराबादच्या रिक्षावाल्याचा पोरगा मोहम्मद सिराज, त्याला 2017 साली 2 कोटी 60 लाख मिळाले. बिहारच्या समस्तीपूर जिल्ह्यातला वैभव सूर्यवंशी तेराव्या वर्षी 1 कोटी 10 लाखाला गेला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्यानं 35 चेंडूंत शतक ठोकलं. पोराच्या खेळासाठी आपण शेतजमीन विकली, असं त्याच्या वडिलांनी सांगितलं होतं.

हे वाक्य आमच्या गावात फार फिरलं. एक दिवस एकजण माझ्याकडं आला. म्हणाला, "आप्पा, पोरगं लई भारी खेळतंय. शहरातल्या ॲकॅडमीत घालावं म्हणतो. येक एकर काढू का?"

मला लगेच बोलता आलं नाही. पोराच्या गुणावर पाणी कसं ओतायचं? मग मी त्याला जेद्दाहचा हिशोब सांगितला. नावं आली होती 1574. विकले गेले 182. राहिलेल्यांच्या बापांनी काय काय विकलं असेल ते टीव्हीवर दाखवत नाहीत. "पोराला खेळू दे," मी म्हणालो, "पण पाण्याखालची एकर घालवू नको. तो परत आला तर त्याला उभं राहायला जागा पाहिजे." त्यानं एकर विकली नाही, दोन वर्षांसाठी ठोक्यानं दिली. पोरगं अजून खेळतंय. पुढचं कोणाला ठाऊक.

दुसरी गोष्ट पाण्याची. 2016 च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. 12 एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच दिवसांत मुंबईत आयपीएल सुरू झालं होतं आणि मैदानांवर पाणी मारणं चालू होतं. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या, असा आदेश 13 एप्रिलला निघाला. अंतिम सामना मग बंगळुरूला झाला.

तेव्हा पुष्कळ शहाणी माणसं म्हणाली, सामने हलवून लातूरला एक घागर तरी वाढली का? नाही वाढली. आणि आमच्याच भागातला ऊस किती पाणी पितो, हेही त्यांनी विचारलं. ते विचारायलाच पाहिजे होतं. तरी मला तो आदेश योग्य वाटतो. शेजारी मयत झालं तर आपण लग्नातली वाजंत्री थांबवतो. त्यानं मेलेला उठत नाही. पण गावात राहायची ती रीत आहे. जो धंदा लोकांच्या प्रेमावर चालतो, त्याला ही रीत पाळावी लागते.

आता थोडक्या षटकांच्या खेळानं कसोटी मरते, ही तक्रार. आम्ही सोयाबीनमध्ये तुरीचे तास पेरतो. सोयाबीन शंभर-सव्वाशे दिवसांत निघतं. दिवाळी, देणी, पोरांच्या फिया, सगळं त्यावर भागतं. तूर मागं राहते. तिला आणखी दोन-तीन महिने लागतात आणि तिची मुळी खोल जाते. लवकर येणाऱ्या पिकाला आम्ही शिव्या देत नाही. पण त्याच्या नादात तुरीचे तास मोडणारा शेतकरी आम्ही शहाणा म्हणत नाही.

2023 ते 2027 या पाच वर्षांच्या नुसत्या प्रक्षेपणाचे 48,390 कोटी मंडळाला मिळायचे ठरले. हे झालं सोयाबीन. त्यातून तुरीला काय घातलं? 2021 साली रणजीतल्या जुन्या खेळाडूंचं मानधन दिवसाला 60 हजारांपर्यंत नेलं. 2024 मध्ये कसोटी खेळणाऱ्यांना जादा रक्कम देण्याची योजना आणली. हे बरं केलं. पण जिल्ह्याच्या गावी चार दिवसांचा सामना खेळायला धड खेळपट्टी आहे का, पावसाळा सोडून मैदानावर गवत दिसतं का, हेही त्याच पैशातून बघायला पाहिजे.

माझं म्हणणं एवढंच. लिलाव होऊ द्या, पोरांना कोटी मिळू द्या. बोली लागली म्हणून माणूस हलका होत नाही. मात्र ज्याचं नाव पुकारलं आणि बोली आलीच नाही, त्या पोराचं पुढं काय, हा प्रश्न लिलाव भरवणाऱ्यानं स्वतःला विचारावा. आडतीवरून माल परत आणलेल्या माणसाला तो प्रश्न रात्रभर झोपू देत नाही.