चिठ्ठीचा न्याय

मरणाच्या दारीं उभ्या असलेल्या स्त्रीला कोणतें औषध द्यावें, हें चिठ्ठी टाकून ठरवावें काय? नीतिशास्त्राच्या वर्गांत हा प्रश्न मीं अनेकदां घातला आहे. उत्तर बहुधा 'छे, कदापि नाहीं' असेंच येतें. आणि मलाही पूर्वीं तसेंच वाटत असे.

परंतु चिठ्ठी न टाकल्यानें काय झालें, तें पहावें. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत, शरीरभर पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगावर अनेक जहाल औषधें एकत्र करून तीं प्रचंड मात्रेनें देण्याची, व त्यांनीं उद्ध्वस्त झालेली रक्तनिर्मिती रोग्याच्याच साठवून ठेवलेल्या पेशींनीं पूर्ववत् करण्याची चिकित्सा फार बोकाळली. मात्रा जास्त तर गुण जास्त, हा तर्क कोणालाही पटावा असाच होता. (आपल्याकडे काढा कडू तेवढा गुणकारी मानतात, त्यांतलाच हा प्रकार!) न्यायालयांनीं विमाकंपन्यांना खर्च देण्यास भाग पाडलें. हजारों स्त्रियांना ही यातना दया म्हणून देण्यांत आली. चांचणीसाठीं मात्र स्त्रिया मिळेनात. जें उघड हितकर दिसतें तें सोडून चिठ्ठीच्या स्वाधीन कोण होणार? अखेर २००० सालीं फिलाडेल्फियाच्या चांचणीचा निकाल छापून आला. तीन वर्षांनंतर या चिकित्सेच्या स्त्रियांपैकीं ३२ टक्के हयात होत्या, नेहमींची औषधें घेणाऱ्यांपैकीं ३८ टक्के. लाभ कांहींच नव्हता.

म्हणजे चिठ्ठी क्रूर नव्हे. ती आपल्या अज्ञानाची प्रांजळ कबुली आहे. मात्र अज्ञान खरें असेल तोंवरच ती न्याय्य.

'क्लिओपात्रा' नांवाच्या चांचणींत हा प्रश्न अधिक बिकट होतो. हर-२ हें प्रथिन ज्यांच्या गांठींत अतिरिक्त होतें असे ८०८ रोगी तींत होते. ट्रास्टुझुमॅब व डोसिटॅक्सेल हीं त्या वेळचीं उत्तम औषधें सर्वांनाच मिळालीं. चिठ्ठी होती ती पर्टुझुमॅब या तिसऱ्या औषधापुरती. ४०२ जणींच्या वांट्याला तें आलें, ४०६ जणांच्या वांट्याला तसाच दिसणारा निर्गुण द्राव; आणि कोणाला काय मिळालें हें रोग्याला ठाऊक नव्हतें, वैद्यालाही नव्हतें. शेवटच्या हिशेबांत पहिल्या गटांतील निम्म्या जणी ५६.५ महिन्यांपलीकडे जगल्या. दुसऱ्यांत ही मर्यादा ४०.८ महिन्यांचीच ठरली.

आज हें औषध घेणाऱ्या स्त्रीला जे जवळजवळ सोळा महिने अधिक मिळतात, त्यांची खात्री त्या ४०६ जणांमुळें झाली. त्यांनीं संमति दिली होती, हें खरें. पण मृत्यु समोर असतांना दिलेली संमति कितपत स्वतंत्र, याचें समाधानकारक उत्तर मला अद्याप सुचलेलें नाहीं. २०१२ सालीं आयुष्य वाढतें हें निश्चित होतांच दुसऱ्या गटालाही औषध देऊं केलें गेलें. ४८ जणींनीं तें घेतलें. बाकीच्यांपैकीं पुष्कळ जणी तोंवर गेल्या होत्या.