मास्तरांचं वेबिल

वाई आगारात एक कंडक्टर होते. एसटीत ड्रायव्हर कंडक्टरला 'मास्तर' म्हणतो, तसे यांनाही सगळे मास्तरच म्हणत. मास्तरांना फोटोंचा नाद होता. पुतण्याने नवा कॅमेरा घेतल्यावर त्याचा जुना निकॉन डी ५३०० यांच्याकडे आला, सोबत १८-५५ मिलिमीटरची लेन्स. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून मास्तर कधी कृष्णेच्या घाटावर, कधी मेणवलीला, कधी धोमला जात. काढलेले फोटो घरच्या कॉम्प्युटरवर टाकत आणि फारसे कुणाला दाखवत नसत.

त्यांना सल होता तो बावधनच्या बगाडाचा. रंगपंचमीला बैलांच्या जोड्या तो अवजड गाडा सोनेश्वरहून गावाकडे ओढत आणतात. शिडाच्या, म्हणजे लांब लाकडाच्या टोकाला बगाड्या, म्हणजे नवसाचा माणूस, उंच टांगलेला, खाली गुलाल, धुरळा आणि माणसांचा समुद्र. पुढे सरकायला जागा नाही. लेन्स ५५ वर जाऊन थांबायची आणि बगाड्याचा चेहरा ओळखूही येत नसे.

एका दिवाळीला पगारातला फरक एकरकमी जमा झाला. बायकोने त्यातले २० हजार मोकळे केले आणि बजावलं, "याच्यावर एक रुपया नाही. आणि आहे त्या लेन्समध्ये वाईट काय आहे, तेही एकदा सांगा." मास्तरांना उत्तर देता आलं नाही. खरं तर प्रश्न अगदी नेमका होता; पण घरच्या माणसाने विचारलेला नेमका प्रश्न आपण सहसा टोमण्यातच जमा करतो.

मास्तर सल्ला विचारत फिरले. लग्नाचे फोटो काढणारा स्टुडिओवाला म्हणाला, "मास्तर, २८-७५ घ्या, सगळीकडे एफ २.८. कार्यालयात उजेड कमी असतो." भिगवणला रोहित पक्ष्यांसाठी पहाटे जाऊन बसणारा एक मित्र म्हणाला, "४००च्या खाली हातच घालू नका. टॅमरॉनची १८-४०० आहे, एकाच लेन्समध्ये सगळं जग." पुण्याच्या पुतण्याने फोनवर सांगितलं, "काका, आता डीएसएलआरवर पैसे घालू नका, मिररलेस घ्या." आगारातल्या एका क्लार्कने सल्ला न देता स्वतःच खरेदी केली. जुनी १८-२००, अगदी स्वस्तात. घरी येऊन स्वतःच्या निकॉनला लावली तर फोकस होईना. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकस फिरवणारी मोटार नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. ही लेन्स बिनमोटारीची होती. क्लार्कसाहेब आता हाताने फोकस करतात आणि "त्यातच खरी मजा आहे" म्हणतात.

यातला एकही माणूस खोटं बोलत नव्हता. स्टुडिओवाल्याला कार्यालयातला अंधार दिसत होता, मित्राला भिगवणचं पाणी. मास्तरांचे फोटो मात्र कुणीच पाहिले नव्हते.

एका रात्री मुलीने विचारलं, "आबा, ट्रिप संपल्यावर तुम्ही काय करता?"

"वेबिल पुरं करतो. आता मशीन आलंय, पण हिशेब तोच."

"त्यात काय असतं?"

"कुठल्या टप्प्याला किती तिकिटं गेली ते."

"मग जोरच्या खोऱ्यात एसी शिवनेरी का नाही पाठवत?"

मास्तर हसले. "अगं, त्या रस्त्याला तिचं काय काम? आणि बसणार कोण तिच्यात?"

"मग तुमच्या फोटोंचं वेबिल कुठंय?"

मुलीने कॉम्प्युटर उघडला. डिजिटल फोटो काढताना कॅमेरा त्या फाइलमध्येच बरंच काही टिपून ठेवतो: तारीख, शटरचा वेग, छिद्र किती उघडं होतं आणि लेन्स किती मिलिमीटरवर होती. तिने फोल्डरमध्ये 'फोकल लेंग्थ' हा रकाना लावला आणि सगळे फोटो त्याप्रमाणे ओळीने मांडले. मास्तर तिच्या खांद्यावरून बघत राहिले.

दोन ढीग डोळ्यांत भरले. एक १८ वर, दुसरा ५५ वर. मधले आकडे विरळ. १८ चे फोटो बघताना मास्तरांना सगळं आठवलं: वाड्यांचे चौक, अरुंद बोळ, धोमचा कासवावरचा नंदी हौदासकट, मेणवलीच्या घाटावरची ती वसईच्या स्वारीतून आलेली घंटा. तिथे मागे सरकायलाच जागा नसते. स्टुडिओवाल्याची २८-७५ याच ढिगापाशी बाद झाली. तिची सुरुवातच २८ वर, आणि डी ५३०० चा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान असल्याने तिथे २८ म्हणजे फुल फ्रेमवरचे ४२. चौकाचा एक कोपरा तेवढा आला असता.

५५ चा ढीग अधिक बोलका होता. मास्तर म्हणाले, "म्हणजे मला ५५ आवडतं वाटतं." मुलगी म्हणाली, "नाही आबा, तिथं तुमची गाडी भिंतीला लागलीय." तिने त्यातले नंतर कापलेले फोटो वेगळे काढले. ज्या फोटोची रुंदी कापून निम्मी केली, तिथे मास्तरांना ५५ च्या दुप्पट, म्हणजे ११० हवे होते. रुंदीचे पाचातले दोनच भाग ठेवले, तिथे साधारण १३७. बगाडाचे बहुतेक फोटो या दोहोंच्या आसपास होते. त्याहून जास्त कापलेले फोटो थोडे, आणि तेही बहुतेक घारींचे. घारी काही मास्तरांच्या रोजच्या टप्प्यावरच्या प्रवासी नव्हत्या.

अंधारातले फोटो आणखी थोडे. धोमचा गाभारा आणि एक कीर्तन, बस्स.

आता आकडाच समोर होता: १८ पासून १४० पर्यंत. निकॉनची १८-१४० ही लेन्स २०१३ साली डी ५३०० च्याच सुमारास आली आणि त्याच्यासोबत किटमध्येही विकली गेली. वजन ४९० ग्रॅम. मित्राची १८-४०० सातशे ग्रॅमच्या पुढे जाते, आणि दिवसभर उन्हात गर्दीत उभं राहणाऱ्याच्या मानेला हा फरक कळतो. ५५ वर थांबणारी जुनी लेन्स ठेवून वर एखादी ७०-३०० घेता आली असती, चित्रही कदाचित थोडं सरस मिळालं असतं. पण बगाडाच्या धुरळ्यात लेन्स बदलायची म्हणजे सेन्सरवर गुलाल घ्यायची तयारी ठेवायची. सर्वकामी झूमचा खरा फायदा तिथे आहे, आकड्याच्या रुबाबात नाही.

खोट कुठे आहे, तेही मास्तरांनी समजून घेतलं. १८ वर घाटाच्या सरळ पायऱ्या किंचित फुगून येतात. कॅमेऱ्यातच ते सुधारायची सोय असते. १८ वर छिद्र एफ ३.५ पर्यंत उघडतं, १४० वर ५.६ पर्यंतच. तिथे येणारा उजेड एफ २.८ च्या चौथ्या हिश्शाइतका. लेन्समधलं स्थिरीकरण हाताचा कंप सावरतं, पण नाचणाऱ्या माणसाला थांबवत नाही. भर दुपारच्या बगाडाला हे चालतं, गाभाऱ्याला चालत नाही. गाभाऱ्यासाठी निकॉनचीच ३५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स आहे, २०० ग्रॅमची. ५.६ च्या मानाने ती जवळजवळ दहापट उजेड आत घेते. झूम नाही, पण गाभाऱ्यात झूम करायला अंतर असतंच कुठे? ती पुढच्या दिवाळीला, असं ठरलं.

एसटीचा पास होताच. मास्तर मुलीला घेऊन पुण्याला गेले आणि वापरलेली १८-१४० बघितली. टॉर्च मागून मारून काचेत बुरशीचे धागे आहेत का ते पाहिलं. वाईच्या पावसाळ्यात राहणाऱ्याला ही भीती शिकवावी लागत नाही. झूमची रिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवली. लेन्स खाली तोंड करून धरली, नळी आपोआप घसरते का बघायला. आपला कॅमेरा लावून फोकस होतो की नाही ते बघायचं, हे तर क्लार्कसाहेबांच्या कृपेने आधीच पाठ होतं. दुकानदाराने १८-३०० पुढे केली, थोडेच पैसे जास्त होते. मास्तर म्हणाले, "नको. त्या टप्प्याला माझी तिकिटंच नाहीत." दुकानदाराला ते कळलं नसावं, त्याने १८-१४० चं बिल केलं.

वीस हजारांतले पैसे उरले. त्यातून झाकणाला रबर असलेला हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या आल्या. बाकीचे मास्तरांनी बायकोच्या हातात ठेवले. तिने मोजून घेतले आणि विचारलं, "मग जुनीत वाईट काय होतं?" या वेळी मास्तरांनी कॉम्प्युटर उघडून ५५ चा ढीग दाखवला. तिने बराच वेळ तो पाहिला आणि म्हणाली, "हे आधी दाखवलं असतं तर मी विचारलंच नसतं."

पुढच्या रंगपंचमीला १४० वर बगाड्याचा चेहरा आला, डोळ्यांतल्या पाण्यासकट. १८-४०० वाल्या मित्रालाही तो फोटो आवडला. तो अजून भिगवणलाच जातो, आणि त्याच्यासाठी त्याची लेन्स बरोबरच आहे.

तुम्हीही लेन्स घ्यायच्या विचारात असाल, तर दुकानात जाण्याआधी घरी एक संध्याकाळ काढा. 'फोकल लेंग्थ'चा रकाना तुमच्या फोटोंतही आहे, मोबाईलवरच्या फोटोंतही असतो. कुठल्या टोकाला गर्दी आहे ते मोजा, कापलेले फोटो वेगळे काढा, आणि मगच सल्ला विचारायला बाहेर पडा.