नऊ किलोचं माप

शिरोळ तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा. दुसरी आणि चौथी एकाच खोलीत, बाई एकच. दिवाळी सरली, गाळप सुरू झालं आणि कारखान्याच्या माळावर ऊसतोड मजुरांच्या कोप्या उठल्या, की या खोलीत चार-दोन नवी मुलं येऊन बसतात. यंदा बीडकडची कोमल आली, कडेवर धाकटा भाऊ घेऊन. आई-बाप पहाटेच कोयता घेऊन फडात जायचे, मग त्याला सांभाळणार कोण?

तिच्या शाळेनं दिलेल्या शिक्षण हमी कार्डावर इयत्ता चौथी होती. पण आदल्या दिवशी वाचताना ती तिसऱ्याच शब्दाला अडली, म्हणून बाईंनी तिच्या हाती दुसरीचं पुस्तक दिलं. तपासायला तेवढं पुरे, असं त्यांना वाटलं. बहुतेकांना वाटतंच.

त्या दिवशी चौथीला वजनांचा धडा होता. बाईंनी दुकानातून तराजू, बाट आणि किलोभर गुळाचा रवा मागून आणला होता. आधी एक वीट सगळ्यांच्या हातांतून फिरली. वजनांची कोष्टकं घडाघडा म्हणणारा वरद म्हणाला, "दहा किलो!" कुणी पाच म्हणालं, कुणी वीस.

दाराशी बसलेल्या कोमलनं भावाला खाली ठेवलं, वीट उचलली. "तीन किलोला जरा कमी."

तराजूत वीट दोन किलो सातशे ग्रॅम भरली.

मग वरदचं दप्तर. "साडेचार." तेही जवळपास जुळलं. बाईंनी विचारलं, "कसं गं ओळखतेस?"

"ह्यो नऊ किलोचा हाय. अंगनवाडीत मोजलाय. ह्याला रोज उचलते, दप्तर ह्याच्या निम्मं."

वरदला ते पटेना. त्यानं पोराला उचलून पाहिलं. पोरानं भोकाड पसरलं.

बाईंनी विटेचं वजन ग्रॅममध्ये लिहायला कोमलला फळ्याशी बोलावलं. तिनं दोन हजार लिहिले आणि त्याला चिकटून सातशे: २०००७००. वर्ग हसला. वरद सगळ्यांत मोठ्यानं.

कोमल हसली नाही आणि रडलीही नाही. झग्याच्या खिशातून तिनं घडी केलेला कागद काढून वरदपुढे धरला. "तुला येतं ना? मग वाच की हे."

ती कारखान्याच्या काट्यावरची, उसाच्या गाडीची पावती होती. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, खाली निव्वळ वजन. वरदनं वजाबाकी करून पाहिली. बरोबर होती. दोन टन साडेचारशे किलो.

"माय म्हनली, अडीच टन भरंल."

"म्हणजे पन्नास किलो कमी," वरद म्हणाला, आणि थांबला. "पन्नास किलो म्हणजे केवढं गं?"

"ह्याच्यासारखे पाच. आन् वर पाच किलो."

वरदनं त्या पोराकडे जरा निराळ्या नजरेनं पाहिलं. आत्ताच त्याचे हात भरून आले होते.

बाईंनी हिशेब पुढे नेला. तोडणीचा दर २०२४ च्या जानेवारीत टनाला ३६६ रुपये ठरला होता. त्या दरानं पन्नास किलोचे अठरा रुपये तीस पैसे. "पण आईचा तो अंदाज आहे, कोमल. काटा चुकला असं त्यावरून म्हणता येणार नाही."

"म्हनून तर शिकायचंय. रोजची पावती वहीत लिवून ठेवली, तर कळंल ना?"

बाईंनी दुसरीचं पुस्तक तिच्या पुढ्यातून उचललं आणि तिला वरदशेजारी बसवलं. वाचायला त्यानं शिकवायचं, अंदाज तिनं. मग हजारात सातशे मिळवायचे कसे, ते बाईंनी एकेका घरात अंक मांडून दाखवलं. त्यात अर्धा तास गेला. दुसरीची मुलंही आपलं काम सोडून बघत बसली आणि बाईंनी बसू दिली.

सुट्टीची घंटा व्हायला आली तेव्हा गूळ मोजायचा राहिलाय, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. रवा तराजूत ठेवला. किलोचा बाट खाली गेला, गूळ वर. दोन-तीनदा बाट बदलून पाहिले, तरी पन्नास ग्रॅम कमीच.

वर्गानं इकडे-तिकडे पाहिलं. कोमलच्या भावाचं तोंड, हात आणि शर्टाची बाही चिकट झाली होती.

"बाई, आता हा नऊ किलो पन्नास ग्रॅमचा झाला!" वरद ओरडला.

कोमल उठली, खडू घेतला आणि कुणालाही न विचारता फळ्यावर लिहिलं: ९०५०.