दुसऱ्या फळीचा हिशेब

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भारतीय पुरुष हॉकी संघाने आठ सामन्यांत १५ गोल केले. त्यांतले १० एकट्या हरमनप्रीत सिंगचे होते आणि ते सगळे पेनल्टी कॉर्नर किंवा पेनल्टी स्ट्रोकवर आले. उरलेले पाच चौघांत विभागले गेले: अभिषेकचे दोन, मनदीप सिंग, विवेक सागर प्रसाद आणि सुखजीत सिंग यांचा एकेक. ८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पेनला २-१ असे नमवून मिळवलेल्या कांस्यपदकाचे मोल या आकड्यांनी कमी होत नाही. १९७२ नंतर प्रथमच भारताने लागोपाठ दोन ऑलिम्पिकमध्ये हॉकीचे पदक घेतले. २००८ साली बीजिंगची पात्रतासुद्धा हुकलेला, २०१२ साली लंडनमध्ये सहाच्या सहा सामने हरून तळाशी गेलेला हा संघ इथवर आला, यामागे अनेकांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. तरीही संघाच्या पुढच्या बांधणीला बसणाऱ्याने पदकाच्या आधी हा गोलांचा तक्ता समोर ठेवला पाहिजे. २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला हरमनप्रीत ३२ वर्षांचा असेल, मनदीप ३३, अमित रोहिदास ३५ आणि मनप्रीत सिंग ३६. गोलरक्षक श्रीजेश पॅरिसनंतर थांबला, पुढच्या वर्षी ललित उपाध्यायनेही आंतरराष्ट्रीय हॉकीचा निरोप घेतला. मधल्या वयाच्या खेळाडूंबद्दल चिंतेचे कारण नाही. हार्दिक सिंग, विवेक सागर, अभिषेक, संजय हे तेव्हा ऐन भरात असतील. चिंता आहे ती मोजक्या आणि विशेष कौशल्याच्या जागांची, आणि तिथे पोहोचण्याच्या वाटेची.

संघाची खोली किती, हे आपल्याकडे शिबिरातल्या नावांवरून आणि कनिष्ठ संघाच्या पदकांवरून ठरवले जाते. ही मोजणीच चुकीची आहे असे माझे म्हणणे आहे. हॉकीत आघाडीपटू किंवा मध्यरक्षक जायबंदी झाला तर त्याच्या जोडीचा खेळाडू वेळ मारून नेऊ शकतो. गोलरक्षक, पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅग फ्लिक मारणारा आणि बचावाच्या वेळी गोलरेषेवरून सर्वांत आधी धाव घेणारा, या तीन जागांचे तसे नाही. पेनल्टी कॉर्नर घेतला जात असताना बचावणारे गोलरक्षकासह पाचच जण गोलरेषेमागे उभे असतात. चेंडू आत ढकलला गेला की पहिला धावणारा मास्क आणि गुडघ्याचे पॅड लावून सरळ फ्लिकच्या रेषेत घुसतो. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने येणारा चेंडू स्टिकवर, नाहीतर अंगावर घ्यायचा, एवढेच त्याचे काम. हे धाडस सरावात शिकवता येते, पण चौथ्या सत्रात एका गोलाची आघाडी टिकवताना ते टिकते की नाही हे सामन्यातच कळते. भारतासाठी हे काम वर्षानुवर्षे रोहिदास करत आला. पॅरिसला ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात त्याला लाल कार्ड मिळाले. दहा जणांनी तो सामना झुंजून शूटआउटपर्यंत नेला आणि जिंकला. पण बंदीमुळे जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात रोहिदास नव्हता आणि भारत २-३ असा हरला. तो असता तर निकाल फिरला असता, असे म्हणण्याला आधार नाही. मात्र एक माणूस बाहेर गेल्यावर बचावाची घडी नव्याने बसवावी लागते, एवढे त्या दोन दिवसांत स्पष्ट दिसले.

कनिष्ठ पदकावर विसंबण्यातला धोका आपल्या इतिहासात नोंदलेला आहे. २००१ साली होबार्टला भारताने अर्जेंटिनाला ६-१ असे चिरडून कनिष्ठ विश्वचषक जिंकला. गगन अजित सिंग, दीपक ठाकूर, जुगराज सिंग यांची ती पिढी (आजच्या संघातला जुगराज वेगळा) पाहून भारतीय हॉकीचे दिवस पालटणार, असे सर्वांना वाटले होते. सात वर्षांनी सांतियागोत ब्रिटनकडून ०-२ असे हरून भारत ऑलिम्पिकबाहेर गेला. मधल्या काळात काय झाले? २००३ मध्ये जुगराज मोटार अपघातात जखमी झाला आणि त्याच्यामागे तयार ड्रॅग फ्लिकर नव्हता. पुढच्या वर्षी अथेन्सला अठरा वर्षांच्या संदीप सिंगला उतरवावे लागले. ऑलिम्पिक तोंडावर असताना प्रशिक्षक बदलला गेला. २००६ च्या विश्वचषकात संघ अकरावा आला. त्याच दरम्यान, २००५ साली, रॉटरडॅमच्या कनिष्ठ विश्वचषकात भारत चौथा होता, म्हणजे खालच्या वयोगटात गुणवत्ता आटली होती असेही नाही. ती वर चढली नाही, कारण वर चढायला पायरीच नव्हती.

२०१६ चे चित्र उलटे आहे. लखनौला बेल्जियमला २-१ असे हरवून भारत पुन्हा कनिष्ठ विश्वविजेता झाला. अंतिम सामन्यातले दोन्ही गोल गुरजंत सिंग आणि सिमरनजीत सिंग यांचे. टोकियो ऑलिम्पिकला कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात या कनिष्ठ संघातले सात जण होते: हे दोघे, हरमनप्रीत, मनदीप, सुमित, नीलकांत शर्मा आणि वरुण कुमार. जर्मनीला ५-४ असे हरवणाऱ्या त्या सामन्यात सिमरनजीतने दोन गोल केले. गुणवत्ता २००१ मध्ये कमी होती असे कोणी म्हणणार नाही. फरक पडला तो पुढच्या पाच वर्षांच्या वापरात. २०१७ च्या ऑगस्टमध्ये अनुभवी खेळाडूंना विश्रांती देऊन यातल्या अनेकांना युरोप दौऱ्यावर पाठवले गेले आणि त्या कोवळ्या संघाने नेदरलँड्सला हरवले. वीस ते तेवीस या वयात त्यांना मोठ्यांविरुद्ध खेळायला, चुकायला आणि पुन्हा खेळायला मिळाले.

यावर कोणी म्हणेल की खरा फरक पैशाचा आणि व्यवस्थेचा आहे. २०१८ पासून ओडिशा सरकार प्रायोजक झाले, भुवनेश्वर आणि राउरकेला इथे जागतिक दर्जाची मैदाने आली, परदेशी प्रशिक्षक लाभले. हे खरे आहे आणि ओडिशाचे ऋण मान्य करायलाच हवे. पण पैशाने वाट आपोआप तयार होत असती, तर त्यानंतरच्या पिढ्या अधिक वेगाने वर यायला हव्या होत्या. २०२१ च्या कनिष्ठ विश्वचषकातल्या संघातून पॅरिसच्या १६ जणांत फक्त विवेक सागर आणि संजय पोहोचले, आणि विवेक तर आधीच टोकियोचा पदकविजेता होता. २०२३ च्या कनिष्ठ संघातून एकही नाही. त्या मुलांना मिळालेला काळ कमी होता, त्यामुळे टोकियोच्या सातांशी ही तुलना पूर्ण न्याय्य नाही, हे मला मान्य आहे. तरीही दिशा कळते.

दुसरा आक्षेप अधिक भक्कम आहे. २०२५ च्या डिसेंबरमध्ये, श्रीजेशच्याच मार्गदर्शनाखाली, कनिष्ठ संघाने चेन्नईत अर्जेंटिनाविरुद्ध ०-२ अशा पिछाडीवरून शेवटच्या सत्रात चार गोल करून कांस्यपदक जिंकले. मग काळजी कशाला? मुलांची ती जिद्द पाहून ऊर भरून येतो. पण त्याआधीच्या उपांत्य सामन्यात जर्मनीने याच संघाला ५-१ असे हरवले होते. २०२१ मध्ये जर्मनीनेच ४-२, २०२३ मध्ये जर्मनीनेच ४-१. लागोपाठ तीन कनिष्ठ विश्वचषकांत एकाच टप्प्यावर एकाच प्रतिस्पर्ध्याकडून असे पराभव होतात, तेव्हा त्याला योगायोग म्हणता येत नाही. जर्मनीतला अठरा-एकोणीस वर्षांचा चांगला खेळाडू क्लबकडून बुंडेसलिगात ऑलिम्पिक खेळलेल्या माणसांसमोर उभा राहतो. आपला मुलगा त्या वयात वसतिगृहात, अकादमीत, शिबिरात असतो. तो जर्मन मुलापेक्षा जास्त सराव करतो, पण कठीण सामने कमी खेळतो.

तिसरा आक्षेप निकालांचा. नव्यांना खेळवले की हरावे लागते, आणि १९८० पासून टोकियोपर्यंत ४१ वर्षे पदकाविना काढलेल्या चाहत्यांना पुन्हा पराभव पाहायला लावणे परवडणार नाही, असे म्हणतात. जून २०२५ मध्ये प्रो लीगच्या युरोपातल्या टप्प्यात भारत सलग सात सामने हरला तेव्हा हीच हाकाटी झाली. त्या सातांपैकी सहा पराभव एका गोलाचे होते, आणि तीनच महिन्यांत राजगीरला कोरियाला ४-१ असे हरवून याच संघाने आशिया चषक आणि विश्वचषकाची पात्रता मिळवली. मला खटकते ते वेगळेच. सात पराभव पदरी पडूनही त्यांच्या बदल्यात आपण पुरेसे काही विकत घेतले नाही. एवढी किंमत मोजायचीच होती, तर प्रत्येक प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या दोनपैकी एका सामन्यात पेनल्टी कॉर्नरची जबाबदारी विशीतल्या फ्लिकरवर द्यायला हवी होती. आज हरमनप्रीतचा पर्याय म्हणून ज्याचे नाव आधी येते तो जुगराज. त्याने २०२४ च्या आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात चीनविरुद्धचा एकमेव गोल केला, त्याच्या क्षमतेबद्दल शंका नाही. पण तोही १९९६ चाच. दोघे एकाच वेळी उतरणीला लागणार असतील, तर ती कागदावरची खोली झाली. शारदानंद तिवारी, अनमोल एक्का, रोहित, अराईजीत सिंग हुंदल या मुलांच्या हातून वरिष्ठ सामन्यांत किती कॉर्नर मारले जातात, हाच खरा मापदंड.

हे करता येते याचा पुरावा आपल्याच संघात आहे. श्रीजेश ऐन भरात असतानाही कृशन पाठकला अनेक सामन्यांत सत्र वाटून खेळवले गेले. एक सत्र एकाचे, पुढचे दुसऱ्याचे. त्यामुळे श्रीजेश गेला तेव्हा शंभराहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला गोलरक्षक तयार होता, आणि त्यानंतर पाठक व मुंबईचा सूरज करकेरा यांच्यात तशीच वाटणी झाली. भारतीय हॉकीतली सर्वांत मोठी पोकळी सर्वांत कमी गाजावाजात भरली गेली ती अशी. हॉकीत बदली खेळाडू हवे तेव्हा आत-बाहेर करता येतात. हरमनप्रीतला तिसरे सत्र बाकावर बसवून कॉर्नर दुसऱ्याला देणे नियमाने, डावपेचाने, कशानेच अशक्य नाही. रोहिदासच्या जागी धावणाऱ्यालाही असेच वाढवता येईल.

वरिष्ठ आणि कनिष्ठ यांमधली पायरी आता निदान बांधायला घेतली आहे. जुलै २०२५ मध्ये संजयच्या नेतृत्वाखाली भारत ‘अ’ संघ युरोपात आठ सामने खेळला. सात वर्षांच्या खंडानंतर सुरू झालेल्या हॉकी इंडिया लीगमध्ये प्रत्येक संघाला चार कनिष्ठ खेळाडू घेणे बंधनकारक झाले. पण संघात घेणे आणि मैदानावर उतरवणे यांत अंतर आहे, आणि जिंकण्यासाठी पैसे ओतणारा मालक ते आपणहून मिटवणार नाही. त्या चौघांनी प्रत्येक सामन्यात ठरावीक मिनिटे खेळलीच पाहिजेत असा नियम हॉकी इंडियाने करावा, ‘अ’ संघाचा दौरा दरवर्षी व्हावा, आणि प्रो लीगसाठी संघ निवडताना मुख्य प्रशिक्षक क्रेग फुल्टन यांना निकालांच्या दडपणातून उघडपणे मोकळे केले जावे. अशा निवडीमुळे प्रो लीगमधले दोन-तीन क्रमांक जातील. घसरण फार झाली तर त्या लीगमधली जागाही धोक्यात येऊ शकते, त्यामुळे कोणत्या सामन्यात किती धोका पत्करायचा हे आधीच ठरवून मालिकेला उतरावे लागेल.